पाच मोजून एक श्वास

मंगळवारी आणि शुक्रवारी
बाजारामागे आमची बस उभी असते.
आत एक हीटर, दोन खुर्च्या, चहाचा थर्मास
आणि पिवळा डबा. त्यात वापरलेल्या सुया पडतात,
तांदूळ निवडताना खडा ताटलीत टाकावा
तसा आवाज करत.

मी रइसा. एकवीस वर्षं इस्पितळाच्या धुण्यात काढली.
डाग ओळखायला तिथेच शिकले :
रक्त कुठलं, पू कुठला, आयोडीन कुठलं.
आता माणसांच्या बाह्या वर करून बघते.

कोहत्ला-यार्वेत खाणी एकेक करून मिटल्या,
राखेचे डोंगर तेवढे राहिले.
त्यांच्यावर बर्फ टिकत नाही.
पोटात अजून धग आहे म्हणतात.
पोरं तिथे उबेला जातात,
आणि नुसती ऊब पुरत नाही.

रोद्याची आधी कोपरातली शीर गेली,
मग मनगटातली, मग पायातली.
परवा मानेकडे बोट नेऊन म्हणाला, "इथे चालेल?"
"तिथे टोचलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही."
खोटं बोलले. बघितलं असतं.
मांडीत गळू होतं, लिंबाएवढं, कढत.
डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणतो,
तिथे नाव विचारायच्या आधी शिवी मिळते.
मग मीही गेले. तीन तास बाकावर बसलो.
शिवी मिळाली. दोघांनी वाटून घेतली.
आलोच आहोत तर
यकृताची तपासणीही करून घेतली.
निकाल चांगला नव्हता, पण गोळ्या आहेत म्हणाले,
बारा आठवडे, एकही न चुकवता.
रोद्या हसला. त्याला बारा तास
न चुकवता जगायची सवय नाही.
गोळ्या बसमध्ये माझ्याकडे ठेवल्यात.
रोज येतो. कधी येत नाही, तेव्हा मी जाते.

झिनाइदा माझ्या वरच्या मजल्यावर राहते.
बस हलवा, या अर्जावर पहिली सही तिची.
"आज सुया वाटता, उद्या चमचे वाटाल!"
आम्ही चमचेही वाटतो,
हे मी तिला सांगितलं नाही.

जानेवारीत एका रात्री तिनेच दार बडवलं.
एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.
न्हाणीघरात नातू, दाराला टेकून.
ओठ रानातली निळी बोरं खाल्ल्यासारखे.
घशात घरघर. मग तीही नाही.

ॲम्ब्युलन्सला फोन. नाकात फवारा.
मान मागे, नाक चिमटीत,
पाच मोजून एक श्वास माझा, त्याच्या आत.
झिनाइदाला म्हटलं, तू मोज.
ती देवाचं नाव घ्यायला लागली.
"देव नंतर. आधी आकडे!"
"एक," ती म्हणाली. "दोन." आवाज फाटला.
माझा भाऊ गेला तेव्हा
मी शेजारच्या खोलीत होते. घोरतोय वाटलं.
"तीन. चार."
दुसरा फवारा.
"पाच."

तो खोकला.
जीव भांड्यात पडतो म्हणतात.
भांडं नव्हतं, आमचा फरशीवरच पडला.
पोरानं डोळे उघडले, मला बघितलं, म्हणाला,
"म्हातारे, कशाला उठवलंस?"
सगळे हेच विचारतात.
एकवीस वर्षं चादरी धुतल्या मी,
याचं उत्तर कुठल्याच चादरीत सापडलं नाही.
फवारा तासाभरात उतरतो, विष त्याहून चिवट असतं,
एवढंच सांगितलं, आणि झोपू दिलं नाही.
गाडीला बर्फातून यायला चाळीस मिनिटं लागली.
तोवर त्याला शाळेतल्या मास्तरांची नावं विचारत होते.
भूगोलाच्या बाईंचं नाव आठवलं तेव्हा
त्याला रडू आलं.

झिनाइदानं सही मागे घेतली नाही.
आभारही मानले नाहीत. जिन्यात भेटली तर
भिंतीकडे बघते.

नातू दोन आठवडे टिकला, मग पुन्हा गेला,
परवा पुन्हा परत आला.

काल शुक्रवार. बस बंद करायची वेळ.
पायरीशी ती उभी, डोक्याला शाल,
आत यायला तयार नाही.
"रइसा," म्हणाली, "पाच मोजायचे की सहा?
घरी मोजून बघते, पण चुकतं."

"पाच," म्हटलं,
आणि दुसरी खुर्ची पुढे सरकवली.